घोडा पडला, दोष कोणाचा?

इ.स. १८७३. लंडनच्या गजबजलेल्या रस्त्यांवर काही माणसे दिवसभर उभी राहून एक विलक्षण नोंद करीत होती. किती घोडे गेले आणि त्यांतले किती पडले! पडलेला घोडा नुसता गुडघ्यांवर आला, मागच्या पायांवर बसला की सपशेल आडवा झाला, हेही ती टिपून ठेवीत. हे काम करवून घेणारा गृहस्थ होता विल्यम हेवुड, 'सिटी ऑफ लंडन' या व्यापारी भागाचा अभियंता.

त्या काळी लंडनच्या रस्त्यांवर तीन प्रकारच्या फरसबंदीची स्पर्धा चालू होती. पहिली ग्रॅनाइटच्या चौकोनी चिऱ्यांची, दुसरी लाकडी ठोकळ्यांची आणि तिसरी, अगदी नवी, अस्फाल्टची. थ्रेडनीडल स्ट्रीटवर १८६९ साली अस्फाल्ट पसरले गेले आणि लोक चकित झाले. चाकांचा खडखडाट नाही, चिऱ्यांच्या फटींतला चिखल नाही. परंतु घोडेवाल्यांची तक्रार होती की या आरशावर जनावर उभे राहत नाही.

हेवुडने वादात न पडता घोडे मोजले. एक घोडा पडण्यापूर्वी सरासरी किती अंतर जातो? ग्रॅनाइटवर १३२ मैल, अस्फाल्टवर १९१ मैल, लाकडावर ४४६ मैल. म्हणजे ज्या अस्फाल्टच्या नावाने खडे फोडले जात होते, ते जुन्या, विश्वासाच्या ग्रॅनाइटपेक्षा बरे ठरले. लाकूड तर दोघांच्या कितीतरी पुढे.

पण खरी गंमत हवामानाप्रमाणे केलेल्या विभागणीत आहे. अस्फाल्ट कोरडे असताना हे अंतर २२३ मैल, चिंब ओले असताना १९२ मैल आणि नुसते ओलसर असताना १२५ मैल. लाकडावर कोरडे असताना ६४६, ओले असताना ४३२ आणि ओलसर असताना अवघे १९३! धो धो पावसापेक्षा भुरभुर अधिक घातक. ग्रॅनाइटचे गणित उलटेच. ते कोरडे असतानाच सर्वांत वाईट, ७८ मैल, आणि पावसाने धुऊन निघाले की ५३७ मैल. जूनच्या पहिल्या सरीत दुचाकी घसरल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना ओलसरपणाचे हे कोडे ओळखीचे वाटेल. रस्त्यावरची धूळ, तेल, शेण आणि थोडेसे पाणी यांचे मिळून एक पातळ वंगण तयार होते. जोराचा पाऊस ते धुऊन नेतो, हलकी सर ते केवळ कालवते.

हेवुडच्या पद्धतीवर आज पुष्कळ आक्षेप घेता येतील. रस्ते निराळे, रहदारी निराळी, घोड्यांवरचे ओझे निराळे. तरीही मला ही नोंद रस्त्यांच्या इतिहासातली एक मोठी घटना वाटते. तोवर घोडा पडला की दोष गाडीवानाचा, नाल ठोकणाऱ्याचा किंवा खुद्द घोड्याचा असे. इथे प्रथमच कोणीतरी रस्त्यालाच आकड्यांनिशी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. पुढच्या शंभर वर्षांत रस्ता त्या पिंजऱ्यातून अनेकदा निसटला आणि अनेकदा परत आणला गेला. या धाग्यात तीच हकीकत सांगायची आहे.

आधी थोडे मागे जाऊ. १८१६ साली ब्रिस्टलच्या रस्त्यांचा प्रमुख म्हणून जॉन लाउडन मॅकअॅडम या स्कॉटिश गृहस्थाची नेमणूक झाली. त्याची रीत साधी होती. मोठे दगड नकोत, गोलगोटेही नकोत. फोडलेली, कोनाकोपऱ्यांची लहान खडी घ्या, थर द्या आणि वाहतुकीलाच ती दाबू द्या. खडीचे कोपरे एकमेकांत अडकतात, चाकांखाली भरडून निघालेली पूड फटींत शिरते, पावसाच्या पाण्याने ती घट्ट बसते. असा पाण्याने बांधलेला रस्ता जगभर गेला. आपल्याकडची जुनी 'पक्की सडक' म्हणजे बहुधा हीच.

या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बैलगाडीचे किंवा बग्गीचे चाक फक्त गडगडते. त्याच्यावर चढवलेल्या लोखंडी धावेला रस्ता पकडण्याचे काम नसते. पकड असते ती खुरांची. ओढणे, थांबणे, वळणे हे सगळे जनावराच्या पायांतून घडते. म्हणून पकडीची चर्चा एकोणिसाव्या शतकात घोड्यांच्या नालांपाशी सुरू होऊन तिथेच संपत असे.

मोटार आली आणि हे ओझे चाकावर आले. आता तेच चाक गाडी पुढे रेटणार, तेच वळवणार, तेच थांबवणार. टनभर वजनाची गाडी रस्त्याला चिकटून असते ती चार टायरच्या, प्रत्येकी साधारण तळहाताएवढ्या जागेवर. दुचाकीला तर असे दोनच तळहात, आणि तेही लहान. जॉन बॉइड डनलॉपने १८८८ मध्ये हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले तेव्हा त्याच्या मनात सायकलचे हादरे कमी करणे होते. पण रस्त्याच्या पाठीवर काय असावे हा प्रश्न त्या टायरने कायमचा बदलून टाकला.

पहिला परिणाम मात्र उलटाच झाला. टायरने रस्ता पकडण्याऐवजी उपटायला सुरुवात केली! लोखंडी धाव खडीला भरडून पूड तयार करी आणि तीच पूड रस्त्याला बांधून ठेवी. वेगाने फिरणारे रबरी चाक ही पूड ओढून हवेत उडवू लागले. खडी मोकळी पडली, मागे धुळीचे लोट राहिले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात युरोपात मोटारीविरुद्ध जो संताप होता, त्यातला मोठा भाग धुळीमुळे होता. १९०८ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय रस्ते परिषद भरली, ती याच पेचातून.

उत्तर सापडले डांबरात. मोनॅकोमध्ये १९०२ साली गुलिएल्मिनेती नावाच्या स्विस डॉक्टरच्या सूचनेवरून रस्त्यावर दगडी कोळशाचे गरम डांबर पसरण्यात आले. लोकांनी त्याला 'डॉक्टर गुद्रों', म्हणजे डांबर-डॉक्टर, असे नावच ठेवले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायरचा सर्वेक्षक एडगर पर्नेल हुली याने डांबर आणि भट्टीतली मळी यांच्या मिश्रणाचे पेटंट घेतले. रस्त्यावर सांडलेल्या पिंपावर कोणीतरी मळी टाकली आणि तेवढाच तुकडा धूळमुक्त राहिलेला हुलीने पाहिला, अशी कथा सांगतात. ते मिश्रण म्हणजे 'टारमॅक'. (जाता जाता: आज आपण ज्याला डांबर म्हणतो ते बहुतेक खनिज तेलापासून निघालेले बिटुमेन असते. कोळशाचे डांबर रस्त्यांवरून जवळजवळ गेले. मराठीत नाव मात्र टिकले.)

धूळ बसली. रस्ते काळे, शांत, गुळगुळीत झाले. आणि मग ते घसरू लागले.

यात गूढ काही नव्हते. उन्हात डांबर पातळ होऊन वर येते, खडी खाली दबते आणि पृष्ठभागावर काळी झिलई चढते. कोरड्या दिवशी काही जाणवत नाही. पाऊस पडला की त्या झिलईवर पाण्याचा पातळ पडदा उभा राहतो. जुने लाकडी ठोकळे तर तेल आणि पाण्याने साबणासारखे होत. धुळीवरचे औषधच नवा रोग घेऊन आले होते. पण आता घोडा नव्हता. गाडीत माणूस बसलेला होता, त्याच्या हाती चाक होते, पायाखाली ब्रेक होता. त्यामुळे गाडी घसरली की तो 'बेफाम चालवीत होता' असे म्हणणे सोपे झाले. हेवुडने पिंजऱ्यात उभा केलेला रस्ता असा अलगद बाहेर पडला.

हिंदुस्थानात याच सुमारास काय चालले होते? मोटारींनी खडीचे रस्ते इकडेही उखडले होते. १९२७ साली सरकारने रस्ते विकास समिती नेमली आणि तिच्या अध्यक्षपदी होते मुकुंद रामराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. समितीपुढचा मुख्य प्रश्न पैशाचा होता. वाढत्या मोटार वाहतुकीचा भार प्रांतांना आणि स्थानिक संस्थांना झेपणारा नाही, तेव्हा पेट्रोलवर जादा कर बसवून मध्यवर्ती निधी उभारावा, असे तिने सुचविले. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था जन्माला आली. ज्या देशात बारमाही रस्ताच दुर्मीळ, तिथे रस्त्याच्या पकडीची चिंता मागे राहिली तर नवल नाही. पुढे रस्त्यांचे भारतीय नियम घडले ते मात्र याच संस्थेत.

रस्त्याला परत पिंजऱ्यात आणण्याचे काम १९३० च्या दशकात दोन ठिकाणी झाले. अमेरिकेत आयोवाच्या राल्फ मॉयरने निरनिराळ्या पृष्ठभागांवर टायर फरफटत नेऊन घर्षण मोजले आणि १९३४ मध्ये निष्कर्ष छापले. इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या हार्मंड्सवर्थ येथील रस्ते संशोधन प्रयोगशाळेने एक चमत्कारिक वाहन वापरले. साइडकार जोडलेल्या मोटारसायकलचे बाजूचे चाक मुद्दाम तिरके बसवलेले! गाडी सरळ चालली की ते चाक किंचित आडवे घासत जाई आणि त्याच्यावर बाजूने किती जोर येतो ते मोजले जाई. जोर जास्त, तर रस्त्याची पकड चांगली. जोर कमी, तर रस्ता निसरडा. बर्ड आणि स्कॉट यांनी या मोजणीचा अहवाल १९३६ मध्ये प्रसिद्ध केला. एखादे वळण निसरडे आहे हे सांगायला आता तिथे कोणी पडण्याची गरज उरली नव्हती.

मोजता येऊ लागल्यावर 'का' हा प्रश्न आला. दोन रस्ते डोळ्यांना सारखेच खडबडीत दिसतात, तरी एक धरतो आणि दुसरा सोडतो, हे कसे?

याचे उत्तर आपल्या आज्यांना ठाऊक होते असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. सहाण आठवा. दिसायला सपाट, पण बोट फिरवले की बारीक खरखर लागते. त्या खरखरीवरच चंदन उगाळले जाते. आता वर्षानुवर्षे वापरलेला पाटा आठवा. मसाला वाटून वाटून तो इतका गुळगुळीत होई की वरवंटा नुसता घसरे. मग दारावर टाकीवाली येई आणि छिन्नी-हातोडीने पाट्याला टाके घालून जाई. रस्त्यातल्या प्रत्येक खडीच्या कपच्याचा टायर हा असाच वरवंटा आहे. लाखो चाके, मधे बारीक धूळ, आणि रोज थोडी थोडी झिलई.

रस्त्याला दोन प्रकारचा खडबडीतपणा लागतो. एक मोठा, डोळ्यांना दिसणारा. खडीच्या कपच्यांमधल्या खाचा, ज्यांतून पाणी टायरखालून बाहेर निघते. दुसरा सूक्ष्म, अर्ध्या मिलिमीटरहून लहान. प्रत्येक कपच्याच्या अंगावरची खरखर. पाण्याचा मोठा साठा खाचांतून गेला तरी शेवटचा पातळ पडदा उरतोच. तो फाडून रबराला दगडापर्यंत पोहोचवण्याचे काम ही खरखर करते. त्याच प्रयोगशाळेतल्या बार्बरा सेबी यांनी १९५८ मध्ये दाखवले की ओल्या पृष्ठभागावर पकड मिळवायची तर उंचवट्याची टोके तीक्ष्ण हवीत, टोकाचा कोन काटकोन किंवा त्याहून कमी हवा; बोथट गोलाईवर दाब पसरतो आणि पाणी फुटत नाही. रबराची कथाही याच वर्षांतली. केंब्रिजच्या डेव्हिड टेबर यांनी दाखवले की रबराची पकड केवळ चिकटण्यातून येत नाही. उंचवट्यावरून जाताना रबर दबते, पुन्हा फुगते आणि या खटाटोपात ऊर्जा गमावते; ती गमावलेली ऊर्जाही घर्षणच. पाणी असले तरी घर्षणाचा हा भाग टिकतो. म्हणजे टायरला रस्ता धरायला रस्त्यावर उंचवटे हवेत.

मग दगड कोणता निवडावा? इथे अभियंत्यांच्या एका जुन्या समजुतीला धक्का बसला. चांगला दगड म्हणजे न झिजणारा दगड, असे सगळे धरून चालले होते. प्रयोगशाळेने एक यंत्र बनवले. एका चाकाच्या परिघावर खडीचे नमुने बसवायचे, त्यांवर रबरी टायर दाबून फिरवायचा, मधे पाणी आणि कुरुंदाची पूड सोडायची. तीन तास भरड, तीन तास बारीक. रस्त्यावर काही वर्षांत चढणारी झिलई सहा तासांत! नंतर एका लोलकाच्या टोकाला लावलेली रबराची पट्टी त्या नमुन्यावर घासत न्यायची; पलीकडे लोलक किती वर चढतो त्यावरून पकड कळते. हा लोलकही मूळचा रस्त्यासाठी नव्हता. अमेरिकेच्या मानक संस्थेत पर्सी सिग्लर यांनी तो १९४० च्या दशकात, इमारतींतल्या निसरड्या फरशा तपासण्यासाठी बनवला होता.

निकाल असा लागला की चुनखडीचे दगड लवकर झिलई घेतात आणि मग काचेसारखे होतात. काही वालुकाश्म मात्र झिजतात, तरीही खरखरीत राहतात. कारण त्यांत कठीण कण मऊ गाऱ्यात बसलेले असतात. वरचे कण सुटून पडतात, खालचे नवे, टोकदार कण उघडे होतात. हा दगड स्वतःच स्वतःला टाकी लावून घेतो. टिकाऊपणा आणि पकड हे गुण नेहमी एकाच दगडात नांदत नाहीत, ही गोष्ट रस्ते बांधणाऱ्यांच्या पचनी पडायला वेळ लागला. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये चुनखडीच्या रस्त्यांनी असाच दगा दिला होता. घसरणीवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९५८ मध्ये तिथेच, शार्लट्सव्हिलला भरली.

आपला दख्खनचा काळा बेसॉल्ट या परीक्षेत मध्यम ठरतो. चुनखडीइतका वाईट नाही, उत्तम वालुकाश्माइतका चांगला नाही. पाटा-वरवंटा ज्या पाषाणाचा, तोच हा, हे विसरू नये. भारताच्या महामार्गांसाठीच्या शासकीय विनिर्देशांत डांबरी मिश्रणाच्या वरच्या थरातल्या खडीचे झिलईमूल्य किमान ५५ असावे, अशी अट आहे. ते ५५ म्हणजे कुरुंदाची पूड खाल्ल्यानंतर त्या लोलकाने दिलेला आकडा.

वेगाने आणखी एक संकट आणले. साचलेल्या पाण्यातून वेगात जाताना टायरला पाणी बाजूला सारायला वेळच मिळत नाही; तो पाण्यावर तरंगतो आणि मग खालचा दगड कोणता याला काही अर्थ उरत नाही. विमानांच्या संदर्भात नासाच्या लँग्ली केंद्रातील वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेयर यांनी १९६३ मध्ये हे सविस्तर मांडले. हा तरंगण्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. मोटारीच्या ३० पौंड दाबाच्या टायरला तो ताशी ९० किलोमीटरच्या आसपास येतो. हवा कमी, तर वेगही कमी. उपाय म्हणून धावपट्ट्यांना आडव्या खाचा पाडल्या जाऊ लागल्या. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यांवर ओले काँक्रीट असतानाच रेघा ओढतात, त्यामागेही पाण्याला वाट आणि टायरला पकड देण्याचाच विचार असतो. त्या रेघा झिजल्या की काँक्रीटही पाट्यासारखेच होते.

आता पुन्हा पिंजऱ्याकडे. हार्मंड्सवर्थच्याच सी. जी. जाइल्स यांनी १९५७ मध्ये मांडले की सगळीकडे सारखी पकड लागत नाही. सरळ मोकळ्या रस्त्याला कमी चालेल. तीव्र वळण, उतार, चौकाकडे येणारा टप्पा इथे जास्त हवी. पुढे तिरक्या चाकाची ती मोटारसायकल जाऊन त्या जागी पाण्याची टाकी वाहणारा ट्रक आला. चाक २० अंशांत तिरके, समोर पाण्याची धार, आणि वाहतुकीसोबत धावता धावता मैलोगणती मोजणी. हा ट्रक बनतो मॅकअॅडमच्या ब्रिस्टल शहरात, हा एक सुखद योगायोग. १९८८ मध्ये ब्रिटनने मुख्य मार्गांसाठी नियम केला: प्रत्येक प्रकारच्या जागेला पकडीची एक पातळी ठरलेली, मोजणी तिच्या खाली गेली की चौकशी झालीच पाहिजे, मग तिथे कोणी पडलेले असो वा नसो.

आणि तरीही दगडाची टोके मोजणाऱ्या त्याच बार्बरा सेबी यांचे नाव आज बहुतेकदा निघते ते एका निराळ्याच आकड्यासाठी. १९७० च्या दशकात अपघातांच्या जागी जाऊन केलेल्या अभ्यासांत त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुमारे ९५ टक्के अपघातांत मानवी चूक सापडली. रस्ता व परिसर यांचा वाटा सुमारे २८ टक्के, वाहनाचा सुमारे ८. एका अपघाताला अनेक कारणे असू शकतात, म्हणून बेरीज शंभरावर जाते. जगभरच्या भाषणांत यातला पहिला आकडा तेवढा उरला. चूक चालकाने केली म्हणून उपायही चालकातच शोधावा, असे त्या आकड्यातून मुळीच निघत नाही. माणूस वळणावर उशिरा ब्रेक लावतो ही त्याची चूक. ती चूक पोटात घालायची की जिवावर बेतू द्यायची, हे पुष्कळदा खडी ठरवते.

भारताच्या २०२२ च्या अधिकृत अपघात अहवालात ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू 'अतिवेग' या एका रकान्यात जमा आहेत. वेग जीव घेतो यात शंका नाही. पण त्या ओल्या वळणावरच्या डांबराची पकड किती होती, हे मोजायला तिथे लोलक घेऊन कोणी गेले होते का?

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवले, तर संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. न्यायालयाने काय पाहावे तेही त्यात लिहिले आहे: रस्ता कसा आहे, त्यावर कोणती वाहतूक अपेक्षित आहे, त्याची देखभाल कोणत्या दर्जाची हवी होती, आणि त्याची अवस्था धोक्याची आहे हे जबाबदार यंत्रणेला ठाऊक होते का, किंवा असायला हवे होते का. लंडनमध्ये घोडे मोजले गेले त्याला तेव्हा १४६ वर्षे झाली होती.